वेळेआधी बदललेली नंबरप्लेट

ब्रेकेनहाइडे छावणी, वेस्टफालिया
९ ऑक्टोबर १९८८

दादा,

केशराचे बनपाव पोचले. वाटेत जरा वाळले होते, पण टॅम्सिनने दुधात बुडवून एका बैठकीत चार संपवले. सात वर्षांची झाली, मामाने आठवण ठेवली, म्हणून स्वारी खूश आहे.

मी खूश नाही, आणि कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडायचं नाही. गेल्या आठवड्यात छावणीबाहेरच्या आमच्या सगळ्या घरांत एक छापील कागद आला. आयर्लंडचे बंदूकवाले आता जर्मनीत आपल्या सैनिकांच्या मागावर आहेत, तरी काळजी घ्या. गावात वर्दी घालून फिरू नका. वर्दी बाहेर दोरीवर वाळत घालू नका. गाडीत इंग्रजी वर्तमानपत्र ठेवू नका. रोज सकाळी गाडीच्या खाली बॉम्ब नाही ना ते बघा. मी झाडूच्या दांड्याला आरसा बांधलाय आणि शाळेच्या वेळेला गाडीभोवती तो फिरवत असते. टॅम्सिन पायरीवर उभी राहून विचारते, "काही सापडलं का?" जशी मी पडलेलं बटणच शोधतेय.

आणि त्याच गाडीला पुढे-मागे काय लावलंय? सैन्याची वेगळी नंबरप्लेट. जर्मन गाड्यांसारखी नाही आणि आपल्याकडच्यासारखीही नाही. फक्त इथे नेमलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या गाड्यांना असते तशी. वर्दी लपवा, वर्तमानपत्र लपवा, आणि गावभर पाटी घेऊन फिरा.

मी गाड्यांच्या नोंदणीच्या खिडकीशी गेले. तिथे कॅप्टन लम्ली आहेत. म्हटलं, आम्हाला साध्या नंबरप्लेट द्या. म्हणाले, "मिसेस हेडन, ही प्लेट बघून पंपावर तुम्हाला करमाफीचं पेट्रोल मिळतं. जर्मन पोलीस ती ओळखतात. एक बदलायची तर सगळ्या बदलाव्या लागतील."

"मग सगळ्या बदला."

"ते माझ्या हातात नाही."

"कुणाच्या हातात आहे?"

"ते सांगणंही माझ्या हातात नाही."

परत येताना पाव घ्यायला थांबले. बेकरीवाल्या ओल्कर्सबाई मला पाच वर्षं ओळखतात. बाहेर येऊन हळूच म्हणाल्या, "गाडी मागच्या आवारात लावत जा हं. रागावू नकोस. माझी काच रस्त्यावर आहे." मी रागावले नाही, दादा. बाई बरोबर बोलत होती, म्हणून घरी येऊन रडले.

तुझी
वेना

*

रेड्रूथ, कॉर्नवॉल
२० ऑक्टोबर १९८८

वेना,

तुझं पत्र वाचून आधी हसलो आणि मग रागावलो. आरशात बघायची हौस तुला लहानपणापासून आहेच, आता गाडीलाही लावलीस.

ती नंबरप्लेट लावून मी सात वर्षं जर्मनीत फिरलो. बासष्टच्या हिवाळ्यात डोंगरात गाडी बर्फात रुतली, तर एका शेतकऱ्याने प्लेट बघून ट्रॅक्टर आणला आणि वर गरम सूप पाजलं. ती आपली ओळख आहे. बावीस वर्षं नोकरी केली, कधी तोंड लपवलं नाही. चार भुरट्यांना भिऊन सैन्याने पाट्या काढायच्या, तर मग जिंकलं कोण?

आणि कॅप्टनशी हुज्जत घालणं बंद कर. कीथला सार्जंट होईपर्यंत मी हाताखाली घडवलाय. बायकोची जीभ नवऱ्याच्या नोकरीच्या कागदात कशी उमटते ते तुला ठाऊक नाही, मला आहे.

गॅरेज ठीक चाललंय. नंबरप्लेट दाबायचं नवं मशीन घेतलं. बघ, तुझा भाऊ प्लेटांवरच जगतो.

डेन्झिल

*

ब्रेकेनहाइडे
१५ जानेवारी १९८९

दादा,

आरशाचा विनोद कीथला वाचून दाखवला. तो हसला नाही, आणि तो तर तुझ्या सगळ्या विनोदांना हसतो.

नोव्हेंबरात आम्ही बायकांनी अर्ज केला. आमच्या शेजारची मॉरीन टलक घरोघर फिरली. ती स्कॉटलंडची, गावच्या तलावावर पोरांना पोहायला शिकवते, आपल्याही आणि जर्मनांच्याही. तिला नाही म्हणणं अवघड असतं. एकसष्ट सह्या झाल्या. मागणी एकच, की नंबरप्लेट साध्या करा. पाच आठवड्यांनी उत्तर आलं: "अर्जाची नोंद घेतली आहे." बाकी कागद कोरा.

मग कॅप्टन लम्लींनी कीथला बोलावून घेतलं. "सार्जंट, तुमच्या घरात हुकूम कुणाचा चालतो?"

कीथ म्हणाला, "विषय कोणता त्यावर आहे, सर."

तुला हे आवडणार नाही. मला त्याच्यावर इतकं प्रेम लग्नाच्या दिवशीही आलं नव्हतं.

जिंकलं कोण, असं तू विचारतोस. दादा, तुला सूप पाजणाऱ्या शेतकऱ्याने प्लेट बघितली, तशी दुसरा कुणीही बघतो.

वेना

*

रेड्रूथ
२ फेब्रुवारी १९८९

वेना,

मी तुला न सांगता वर, सैन्याच्या मुख्यालयाला, एक पत्र टाकलं होतं. माझा नंबर, हुद्दा, नोकरीची वर्षं, सगळं लिहून विचारलं की या प्लेटांचं काय करताय. काल उत्तर आलं. छापील कार्ड. आपल्या पत्राबद्दल आभार, सैनिकांच्या कुटुंबांची सुरक्षा आमच्या मनात सदैव अग्रभागी आहे. वर पत्ता, "मिसेस रोस्कॅरो". माझंच आडनाव, पुढे मिसेस.

म्हणजे तक्रार करणाऱ्या बायकांसाठी त्यांनी गठ्ठ्याने कार्डं छापून ठेवलीयत. पत्र न वाचताच एक मला आलं.

कार्ड समोर टेबलावर आहे.

डेन्झिल

*

ब्रेकेनहाइडे
६ जून १९८९

दादा,

तू बातमीत ऐकलं असशील. आम्ही तिघं ठीक आहोत. ती मॉरीन होती.

शनिवारी दुपारी तीनला पोहण्याचा वर्ग संपला. मी आतल्या खोलीत टॅम्सिनचे केस पुसत होते. मॉरीन पुढे गेली, गाडीत बसली, किल्ली फिरवली. टॅम्सिन म्हणाली, "आई, काहीतरी मोठं पडलं." मी तिला टॉवेलात गुंडाळून बाकाखाली बसवलं आणि बाहेर पळाले. जे दिसलं ते लिहीत नाही. मॉरीन वाचली. डावा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला.

काल मला हॉस्पिटलात तिच्या खोलीत सोडलं. पांढरीफटक पडलीय, पण शुद्धीवर आहे. म्हणाली, "सकाळी आरसा फिरवला होता ग मी. घरी फिरवला होता. तलावावर कुठे झाडू घेऊन जाणार?"

मी म्हटलं, बोलू नकोस.

"बोलू दे. तिथे चाळीस गाड्या होत्या, वेना. मी कोण, काय करते, काही ठाऊक नव्हतं त्यांना. ठाऊक करून घ्यायची गरजच पडली नाही. प्लेट वाचली आणि खाली वाकले."

माझी गाडी तिच्यापासून तिसरी होती, तसल्याच प्लेटची. मधे दोन जर्मन गाड्या. एका माणसाने त्या तीन पावलांत ठरवलं की मॉरीन.

कॅप्टन लम्लींनी फुलं पाठवली. मॉरीनने नर्सला सांगून ती बाहेर बाकावर ठेवली. येणारे-जाणारे त्यांच्याकडे बघतात आणि कुणाची तरी विसरली म्हणतात.

टॅम्सिन आता गाडीत बसायच्या आधी स्वतः खाली वाकून बघते. मला ते बघवत नाही.

वेना

*

रेड्रूथ
१२ जून १९८९

वेना,

ऑक्टोबरात मी तुला जे लिहिलं ते फाडून टाक. एकदा लिहिलं की परत घेता येत नाही हे माहीत आहे, तरी फाड.

सोबत एक पुडकं आहे. चहाच्या टॉवेलात दोन नंबरप्लेट आहेत, पुढची पांढरी, मागची पिवळी, इकडे सगळ्यांच्या असतात तशा. नंबर माझ्या जुन्या कोर्टिना गाडीचा, ती दोन वर्षांपूर्वी भंगारात गेली. उन्हाळ्यात तिकडे आपले हजार प्रवासी येतात, त्यांतली एक गाडी म्हणून खपून जाईल. मी स्वतः मशीनवर दाबल्या. हा गुन्हा आहे. नऊ वर्षं गॅरेज चालवतोय, असलं काम कुणी मागितलं तर मी दार दाखवायचो.

कीथला दे आणि ठरवू दे. तो नाही म्हणाला तर पुरून टाका.

डेन्झिल

*

ब्रेकेनहाइडे
२० ऑगस्ट १९८९

दादा,

कीथ पकडला गेला.

मागच्या महिन्यात एका सोमवारी छावणीच्या गेटवर पहारेकऱ्याने गाडी थांबवली. नंबर यादीत नव्हता. कीथने कबूल केलं की प्लेट त्यानेच बदलल्या. कुठून आणल्या विचारलं तर म्हणाला, बेल्जियमच्या बाजारात एका अनोळखी माणसाकडून करून घेतल्या. तुझं नाव निघालं नाही आणि निघणार नाही.

सुनावणी अकरा मिनिटं चालली. त्याने एवढंच म्हटलं की शेजारणीचा पाय गेल्यावर बायको-मुलीला त्या प्लेटच्या गाडीत बसवणं त्याला जमेना. अध्यक्ष म्हणाले, भावना समजते, पण प्रत्येकाने असं केलं तर सैन्यात शिस्त ती काय उरली. सार्जंटचा कॉर्पोरल केला. दंडावरच्या तीन फितींपैकी एक त्याने घरी येऊन स्वतःच उसवली. मी उसवते म्हटलं तर म्हणाला, "तू उसवलीस तर बाहीला भोक पाडशील."

आणि जुन्या प्लेट त्याच दिवशी त्यांच्या माणसाने परत बसवून दिल्या. माझ्या डोळ्यांसमोर, आमच्या दारात. जाताना सांगून गेला, रोज सकाळी खाली बघत जा, मॅडम.

तू काही लिहू नकोस कुणाला. कीथने हात जोडून सांगितलंय.

वेना

*

रेड्रूथ
२९ ऑगस्ट १९८९

वेना,

लिहीत नाही, कारण कीथने सांगितलं. पण हे मला मान्य नाही.

खरं सांगू, कीथ हे करेल असं मला वाटलं नव्हतं. मला वाटायचं फार सरळ माणूस, नियमाबाहेर बोट टाकणार नाही, प्लेट बागेत पुरून मोकळा होईल. मी त्याला ओळखलंच नाही. त्याला सांग, मी उठून उभा राहिलोय असं समज.

बाकी गॅरेजात आता कुणी सैन्याबद्दल विचारलं की मी बोनेटखाली डोकं घालतो.

डेन्झिल

*

ब्रेकेनहाइडे
११ मार्च १९९०

दादा,

बसून वाच. सैन्याच्या त्या नंबरप्लेट बंद झाल्या.

गुरुवारी सगळ्यांना सभागृहात बोलावलं. कॅप्टन लम्लींनी हुकूम वाचला. एक एप्रिलपासून जर्मनीतल्या सगळ्या सैनिकांच्या गाड्यांना घरच्यासारख्या साध्या प्लेट. जुन्या दोन्ही प्लेट खिडकीवर जमा करून सही करायची. मुदतीनंतर जुनी प्लेट लावलेली दिसली तर शिक्षा. नीट वाच, दादा. शिक्षा. मग म्हणाले, "आपल्या कुटुंबांची सुरक्षा पहिल्यापासून आमच्या मनात अग्रभागी होती."

मी उभी राहिले. कीथने माझी बाही धरली नाही. मी म्हटलं, "कॅप्टन, ज्याने हे आठ महिने आधी केलं त्याची फीत कधी परत देणार?"

ते म्हणाले, "मिसेस हेडन, त्या दिवशी तो गुन्हा होता."

"आणि आज?"

"आज तो हुकूम आहे. दोन्हींची गल्लत करू नका." आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले.

खरा कहर काल झाला. मॉरीन अजून इथेच आहे, नकली पायाने चालायला शिकतेय. तिलाही नोटीस आली, जुन्या प्लेट जमा करा. मला वाटलं यंत्रातून चुकून निघाली असेल, फेकून दे. ती म्हणाली, "नाही. मला जायचंय." तिच्याकडे पुढची प्लेट होती, पोलिसांनी तपास झाल्यावर परत केलेली, मधोमध वाकलेली. मी तिला चाकाच्या खुर्चीतून नेलं. खिडकीवरच्या कारकुनाने प्लेट घेतली, वहीत बघितलं, म्हणाला, "मागची?"

मॉरीन म्हणाली, "मागची नाही."

"दोन्ही लागतात. नसेल तर हरवल्याचा फॉर्म भरा."

त्याने खरंच फॉर्म सरकवला. तिने मांडीवर ठेवून भरला. नाव, नंबर, तारीख. हरवण्याचं ठिकाण: तलावाचं पार्किंग. हरवण्याचं कारण, तिथे तिने लिहिलं, "तुम्हाला माहीत आहे." कारकुनाने वाचलं, मग मान वर करून पहिल्यांदा खुर्ची बघितली. तिशीतला माणूस, कानापर्यंत लाल झाला. पण शिक्का मारला.

आता तुला एक सांगायचंय जे मी तुझ्यापासून लपवलं. प्लेट कीथने लावल्या नाहीत. मी लावल्या. पुडकं आलं तेव्हा तो आठवड्याच्या सरावाला गेला होता. मी त्याला विचारलंही नाही. तो परत आला आणि सोमवारी पकडला गेला. माझं नाव निघालं असतं तर मला आणि टॅम्सिनला घरी धाडलं असतं, तुला कोर्टात ओढलं असतं, म्हणून त्याने सगळं अंगावर घेतलं. त्याच्याबद्दल तू जे छान लिहिलंस ते वाचताना मला जमिनीत शिरावंसं वाटलं. आठ महिने माझा गुन्हा त्याच्या दंडावर आहे.

वेना

*

रेड्रूथ
१९ मार्च १९९०

वेना,

आता मी कुणाचं ऐकणार नाही.

पत्र मिळालं त्या दुपारी पोलीस चौकीत गेलो. कॉन्स्टेबल हॅरी पॅस्को माझ्याकडेच गाडी दुरुस्त करतो. म्हटलं, लिहून घे, खोट्या नंबरप्लेट मी बनवल्या. तो म्हणाला, "डेन्झिल, घरी जा. कुणाला हवंय हे?"

"मला हवंय."

"तुला कोर्टात उभं करावं लागेल मला."

"मग कर. कुणीतरी खऱ्या माणसाला उभं करू दे."

त्याने लिहून घेतलं. एक प्रत मी तुमच्या कर्नलला रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलीय. प्लेट मी बनवल्या, मी पाठवल्या, कीथ हेडनचा बनवण्याशी संबंध नाही. तूही तुझं लिहून दे. लपवण्यासारखं आपण काही केलं नाही. लपवायचं ते त्यांनी लपवावं.

या वर्षीच्या पलटणीच्या जेवणाचं आमंत्रण आलंय. सत्तावीस वर्षांत एकही चुकवलं नव्हतं. उत्तर पाठवलं, येणार नाही. कारण विचारलं होतं, ते दोन पानं लिहिलं.

डेन्झिल

*

ब्रेकेनहाइडे
६ मे १९९०

डेन्झिलदादा,

मी पत्रं लिहीत नाही हे तुम्हाला माहीत आहे. घरातला लिहिणारा हात वेनाचा. पण हे तिला सांगता येणार नाही, म्हणून मी लिहितोय.

काल कर्नलसाहेबांनी बोलावलं. माणूस वाईट नाही, नवे आलेत. टेबलावर तुमचं आणि वेनाचं, दोन्ही निवेदनं. म्हणाले, "हेडन, यावरून दिसतं की तू निर्दोष होतास. बायकोला वाचवायला खोटी कबुली दिलीस, ती मी विसरतो. फीत परत घे."

मी म्हटलं, "सर, खोटी नव्हती."

दादा, खरं ते असं. मी सरावावरून शुक्रवारी आलो. गाडी दारात. लांबूनच दिसलं. वेनाने प्लेट भाजी चिरायच्या सुरीने बसवल्या असाव्यात, मागची एका स्क्रूवर लोंबत होती आणि पुढची तिरकी. ती आत स्वयंपाक करत होती. मी हत्यारांची पेटी काढली, दोन्ही प्लेट उतरवल्या, नीट मापात धरून चार-चार बोल्टवर आवळल्या. मग आत जाऊन जेवलो. ती बोलली नाही, मीही बोललो नाही. शनिवारी-रविवारी तीच गाडी घेऊन मॉरीनला भेटायला गेलो. वर्षभरात पहिल्यांदा सिग्नलला थांबल्यावर मागे कोण आहे ते मी बघितलं नाही.

वेना दर मंगळवारी गाडी घेऊन छावणीतल्या दुकानात जाते. गेटवर नंबर तपासतात हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. मी एरवी सायकलने जातो. मंगळवारी ती अडकली असती, म्हणून त्या सोमवारी मीच गाडी नेली. प्लेट काढून ठेवता आल्या असत्या. हात उठला नाही.

हे सगळं साहेबांना सांगितलं. त्यांनी कागद पुढे ओढला, पेन उघडलं. मग म्हणाले, "मग मी काय लिहू?"

"सर, लिहा की हेडनने प्लेट बदलल्या, आणि ते बरोबर केलं. तुम्ही आता सगळ्यांकडून तेच करून घेतलंय."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "हे मी लिहू शकत नाही. तुला कळतंय का? हे लिहिलं तर आधी जे बदललं नाही त्याचं उत्तर द्यावं लागेल."

"कळतंय, सर. म्हणूनच म्हणतोय."

"निर्दोष म्हणून फीत घे, हेडन. बायको-मुलीचा विचार कर."

मी म्हटलं, त्यांचाच केला होता. निर्दोष म्हणून नको. सलाम केला आणि बाहेर आलो.

तेव्हा मी कॉर्पोरलच आहे. सप्टेंबरात माझी मुदत संपते, ती मी वाढवणार नाही. तसा कागद आजच दिला. तुम्ही मला एकेकाळी जे शिकवलंत ते सगळं मी पाळलं असं मला वाटतं, तुम्हाला वाटतं की नाही ते भेटल्यावर सांगा. तुमची कोर्टाची तारीख बाराला आहे असं वेना म्हणाली. मी रजा टाकलीय. साक्षीला येतो. ज्याच्यासाठी त्या प्लेट बनवल्या तो माणूस न्यायाधीशांना दिसलेला बरा.

रात्री न राहवून वेनाला बोल्टचं सांगितलंच. तिने जेवण संपवलं. मग ताटं उचलताना म्हणाली, "पुढची तिरकी नव्हती."

होती, दादा.

आपला
कीथ